हायस्कूलच्या दोन एकरात शेती विषय, नुसता फोटोपुरता होऊ नये म्हणून काय करावं?

बांधावरचा_मास्तर | शनिवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी नगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गावानं फार पूर्वी शाळेला दिलेली दोन एकर जमीन आहे. त्यातली दीड एकर दरवर्षी लिलाव करून खंडानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला जाते, त्या पैशात पत्रे, खडू, वीजबिल असलं किरकोळ भागतं. आता संस्थेच्या डोक्यात आलंय की नववीपासून शेती विषय व्यवस्थित सुरू करायचा. नव्या शैक्षणिक धोरणात व्यवसाय शिक्षणावर भर आहेच. म्हणजे खंड बंद, जमीन शाळेकडे आणि शेतीचा मास्तर मी. का, तर माझ्या घरी शेती आहे. गणिताच्या सरांच्या घरी किराणा दुकान आहे पण त्यांना कुणी कॅन्टीन चालवायला सांगत नाही, असो.

गेल्या वर्षी उरलेल्या अर्ध्या एकरात चाचणी म्हणून केलं होतं. जूनमध्ये वांगी-टोमॅटो लावली, बांधाला ४० शेवगे. सरपंचांच्या हस्ते पहिलं रोप, फोटो, पेपरात बातमी. गणपतीपर्यंत बरं चाललं. दिवाळीच्या सुट्टीत तिकडं कुणी फिरकलं नाही, परत आलो तर गवतात वांगी शोधावी लागली. मे महिन्यात शेवगे वाळले. तीन जगले, त्यातला एक शेळीनं खाल्ला.

तर प्रश्न असा, की असला विषय माध्यमिक शाळेत खरोखर चालतो का? चालला असेल तर कशामुळे? खुरपायला तर पोरं घरीच शिकतात, मग शाळेत वेगळं काय शिकवायचं? स्पष्ट लिहा, राग येणार नाही.

चहा_बिस्किट | शनिवार, रात्री १०.०५

पहिला! शेळीचं अभिनंदन, एकूण प्रकल्पात तिलाच काहीतरी मिळालं.

खुरपं | शनिवार, रात्री १०.३०

सर, तुमची चूक शेवग्यात नाही, कॅलेंडरमध्ये आहे. शाळा उघडते जूनच्या मध्याला, पुढचे पंधरा दिवस प्रवेश, दाखले, पुस्तकं वाटण्यात जातात, तोवर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊन गेलेला असतो. खरिपाचं पीक काढायला आलं की सहामाही परीक्षा आणि वर दिवाळीची सुट्टी. त्यात शाळेचा खरीप जमणं अवघडच.

शाळेचं पीक रब्बीचं. पाणी असेल तर हरभरा १० नोव्हेंबरपर्यंत पेरला तरी चालतो, ११० दिवस धरा, फेब्रुवारीअखेर घरात. मेथी महिन्यात येते, कोथिंबीर ४०-४५ दिवसांत, मुळा दीड महिन्यात. पोरांना लावलेलं हातात दिसलं पाहिजे, सहा महिन्यांनी येणाऱ्या पिकाशी नववीतल्या पोराला काय घेणं? आणि अर्धा एकर कशाला हवा होता, एका तुकडीला एक गुंठा खूप झाला. ३३ बाय ३३ फूट. तेवढ्यात तण ठेवलं नाही तरी जिंकलात.

सातबारा_कोरा | शनिवार, रात्री ११.१५

माझा मुलगा नववीतच आहे म्हणून लिहितो. कडू वाटेल.

तो पहाटे उठून धारा काढतो, डेअरीला दूध घालतो आणि मग शाळेत येतो. रात्रीची लाईट असली की माझ्याबरोबर मोटार चालू करायला येतो, बॅटरी तो धरतो. शाळेत पाच-सहा तास तरी त्याला शेतीपासून सुट्टी मिळते ती पण तुम्हाला बघवंना. त्याला गणित शिकवा, इंग्रजी बोलायला शिकवा. शेती करतो म्हटल्यावर पोरगी कोण देत नाही हे गावात राहून तुम्हाला माहीत नसेल असं नाही. मी त्याला शाळेत घातलाय तो शेतीतनं बाहेर पडावा म्हणून. शेती शिकवायची हौसच असेल तर शहरातल्या शाळांना शिकवा, त्यांना भेंडी झाडाला लागते की वेलाला हे तरी कळेल.

मुंबैकर_अजूनही | रविवार, सकाळी ८.२०

किती सुंदर विषय! मुलांची मातीशी नाळ जोडली गेलीच पाहिजे. आमच्या सोसायटीच्या मुलांना आम्ही दर पावसाळ्यात कर्जतला भातलावणीला नेतो, चिखलात काय आनंद असतो त्यांच्या चेहऱ्यावर! माझ्या मुलानं विचारलं, आई भाताचं झाड किती वर्षं जगतं, तेव्हा मला जाणवलं की आपण काय गमावलंय.

चहा_बिस्किट | रविवार, सकाळी ८.३५

ताई, तुम्ही लावून आल्यावर तो शेतकरी दुसऱ्या दिवशी ती रोपं उपटून परत ओळीत लावतो. आमच्या मामाचाच धंदा आहे. माणशी पैसे घेतो, वर पिठलं-भाकरी देतो. म्हणतो, भातापेक्षा भातलावणी परवडते.

खुरपं | रविवार, सकाळी ८.४०

=)) मामांना दंडवत. अभ्यासक्रमात हाच धडा घ्या.

निवृत्त_पोस्टमन | रविवार, सकाळी १०.१०

सातबारा_कोरा यांचं पटलं, पण माझं दुखणं वेगळं आहे. सत्तरच्या दशकात आमच्या शाळेत कार्यानुभव नावाचा तास होता. कोठारी आयोगानं हे सुचवलं, उद्देश चांगला होता, पोरांनी हातानं काम करावं, श्रमाला किंमत यावी वगैरे. आमच्याकडं त्याचा अर्थ असा झाला की श्रावणात मास्तर आम्हाला त्यांच्या स्वतःच्या रानात मूग तोडायला न्यायचे. तेही सगळ्यांना नाही. आमच्या वाडीतली पोरं जायची, पाटलांची आणि दुकानदाराची पोरं तेवढा वेळ वर्गात पाढे म्हणायची. आई एकदाच म्हणाली, एवढं तोडतोस तर संध्याकाळी मजुरी तरी मागून आण. तेव्हा कळलं की हा तास कशाचा आहे.

म्हणून मास्तर, कॅलेंडर वगैरे नंतर बघा. आधी हे सांगा, त्या दोन एकरात जे पिकेल ते कुणाचं? पैसा कुणाच्या खिशात जाणार? आणि ज्यांच्या घरी एक गुंठाही नाही त्या पोरांनी ते का पिकवायचं?

बांधावरचा_मास्तर | रविवार, दुपारी १२.३०

काका, खरं सांगतो, पीक कुणाचं हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. गेल्या वर्षी जी दोन-तीन पाटी वांगी निघाली ती खिचडीत गेली एवढं आठवतं, नोंद कुठंच नाही. थोडी स्टाफरूममधूनही घरी गेली, त्यात मी पण आलो.

सातबारा_कोरा, तुमचा राग बरोबर आहे, पण तुमचा मुलगा धार काढतो म्हणजे त्याला दुधाचा हिशोब येतो का? फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती, दर कसा ठरला? माझ्या वर्गातल्या पोरांना विचारलं तर डेअरीची चिठ्ठी कुणाला वाचता येत नव्हती. मलाही अर्धीच आली.

करारावरचा_गुरुजी | रविवार, दुपारी २.१५

मी या सिस्टिमच्या आतला माणूस. बीएस्सी अॅग्री करून गेली काही वर्षं एका सरकारी हायस्कूलला एनएसक्यूएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या कौशल्य पात्रता आराखड्याखालच्या व्यवसाय शिक्षणात, शेतीचा प्रशिक्षक आहे. नववी-दहावीला आमच्याकडं जो जॉब रोल आहे त्याचं नाव 'सोलॅनेसियस क्रॉप कल्टिव्हेटर'. पोरांना पहिले चार दिवस नावच पाठ करायला लावलं.

विषय वाईट नाही हो. भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा संस्थेनं केलेलं साहित्य आहे, रोपवाटिका, खतं, कीड, काढणी, प्रतवारी सगळं क्रमानं आहे. अडचण माणसाची आहे. माझा करार वर्षाचा, मानधन कधी दोन महिन्यांनी कधी चार, आणि दर जूनला धाकधूक की परत घेणार की नाही. शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, माझी जागाच नाही. मी लावलेली आंब्याची कलमं मी जाईन तेव्हा कोण बघणार? म्हणून मी कलमं लावतच नाही, मेथी लावतो. हसू नका, करारावरचा माणूस करारात बसणारंच पीक घेणार.

चहा_बिस्किट | रविवार, दुपारी २.२५

सोलॅनेसियस म्हणजे नक्की काय ते सांगा, नाहीतर शेजाऱ्यांना वाटेल पोरगा सौरऊर्जेत गेला.

करारावरचा_गुरुजी | रविवार, दुपारी २.३०

वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा. तंबाखू पण त्याच कुळातली, पण ती अभ्यासक्रमात नाही, शाळेच्या कुंपणाबाहेर प्रात्यक्षिकासकट मिळते.

वेल्डिंगवाला | रविवार, दुपारी ४.००

मी चाललेलं उदाहरण सांगतो, कारण मी त्यातनंच शिकलोय. आमच्या शाळेत पाबळच्या विज्ञान आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञान हा विषय होता. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळसारख्या दुष्काळी गावात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी हे सुरू केलं. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक अख्खा दिवस, आणि शेती एकटी नाही. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग आलटून पालटून. शिकवायला गावातलाच वेल्डर, गावातलाच नर्सरीवाला.

खरी गंमत पुढं आहे. आम्ही गावातल्या लोकांची कामं पैसे घेऊन करायचो. कुणाच्या शेताची माती तपासून दे, कुणाचं गेट जोडून दे, कुणाचा रक्तगट सांग. फुकट काम केलं की लोक शाबास म्हणतात आणि निघून जातात. पैसे दिले की माणूस वाकून वेल्डिंगचा जोड बघतो. मी जोडलेलं पहिलं गेट एका आजोबांनी परत पाठवलं होतं, बिजागरी वाकडी बसली म्हणून. ते परत जोडताना जे शिकलो ते कुठल्या तोंडी परीक्षेत नाही आलं.

आणि सातबारा_कोरा भाऊ, मी शेतीत नाही राहिलो. वर्कशॉप आहे माझं. पेरणीयंत्रं, ट्रॉल्या दुरुस्त करतो. गिऱ्हाईक सगळं शेतकरीच. शेतीचं शिक्षण घेतलं की शेतीच करायची असं कुठाय?

सातबारा_कोरा | रविवार, रात्री ८.४५

हे पटलं थोडं. पण तुमच्या विषयात एक दिवस अख्खा होता आणि गावातला वेल्डर होता. आमच्या मास्तरांकडे काय आहे, एक विज्ञानाचा मास्तर आणि दोन शेवगे.

डेअरीच्या चिठ्ठीचं मात्र लागलं मनाला. मलाही नीट कळत नाही. आज पोराला विचारलं, तो म्हणाला फॅट म्हणजे दुधातलं पाणी.

आयोवातली_कणसं | रविवार, रात्री ११.३०

इथं दुपार आहे म्हणून लिहिते. मूळची सांगलीची, आता आयोवात, चारही बाजूंनी मका. मुलगी इथल्या हायस्कूलमध्ये शेती विषय घेते, एफएफए नावाच्या संघटनेत आहे. १९२८ पासूनची देशभर पसरलेली विद्यार्थ्यांची संघटना, निळं कॉर्डुरॉयचं जॅकेट असतं आणि ते मिळाल्यावर मुलं झोपतानाही काढत नाहीत.

इथं हा विषय तीन पायांवर उभा आहे असं समजा. एक वर्गातला अभ्यास, दुसरा संघटना, म्हणजे सभा चालवणं, भाषण, जनावराची-धान्याची पारख करायच्या स्पर्धा. तिसरा पाय प्रत्येक मुलाचा स्वतःचा प्रकल्प. तो शाळेच्या जमिनीवर असायची गरज नसते. माझी मुलगी घराच्या मागं कोंबड्या पाळते, तिची हिशोबाची वही आहे, खाद्य किती, अंडी किती, मेलेल्या किती, नफा की तोटा. पहिल्या वर्षी तोटा होता. तो तोटा नीट मांडला म्हणून मार्क मिळाले.

आणि मास्तरांच्या मे महिन्याचं इथलं उत्तर असं, की शेतीच्या शिक्षकाला बऱ्याच राज्यांत वर्षभराचा करार असतो. इथलं पीक नेमकं उन्हाळी सुट्टीत शेतात असतं, त्यामुळे शिक्षक सुट्टीत मुलांच्या घरी जाऊन प्रकल्प बघतो, त्याचा त्याला पगार मिळतो. १९१७ च्या कायद्यापासून केंद्र सरकारचा पैसा शाळांतल्या शेती शिक्षणाला येतोय, त्यामुळे हे हौसेवर चाललेलं नाही.

निवृत्त_पोस्टमन | सोमवार, सकाळी ७.३०

ताई, चांगलं लिहिलंत. पण प्रकल्प घरी म्हटलं की परत जमीनवाल्याच्या पोराचा प्रकल्प पाच एकराचा आणि आमच्या पोराचा डालड्याच्या डब्यातला.

आयोवातली_कणसं | सोमवार, सकाळी ९.१५

काका, हा प्रश्न इथंही येतो. म्हणून दुसऱ्याकडे पगारावर काम करणं हाही प्रकल्प धरतात. मुलीची मैत्रीण रोपवाटिकेत काम करते, तिच्या वहीत तास, मजुरी आणि काय शिकले एवढंच असतं. छोटासा प्रयोग केला तरी चालतो. पण तुमचं बरोबर आहे, मोठ्या फार्मवरच्या मुलांची जनावरं जत्रेत जास्त बक्षिसं घेतात. खोटं कशाला सांगू.

चहा_बिस्किट | सोमवार, सकाळी ९.२०

आमच्या शाळेत निळी जॅकेटं दिली तर दुसऱ्या दिवशी बाप घालून बाजारात.

घाटेअळी | सोमवार, दुपारी १.१०

(नाव बघून फवारू नका, मी लातूरकडचा मास्तर आहे.)

मूळ प्रश्नाला उत्तर देतो, घरी शिकत नाहीत ते काय शिकवायचं. मोजायला शिकवा. आपल्याकडं शेतीत सगळं 'लई' आणि 'जरा' मध्ये चालतं. लई पाऊस झाला, जरा खत टाकलं.

मी शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात एकच काम करतो. आठवी-नववीच्या प्रत्येक पोराला घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मोजून आणायला सांगतो. गोणपाट ओलं करायचं, दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वेळोवेळी पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून मोड आलेले मोजायचे. ७० उगवले तर बियाणं पास. एकीचे ६० निघाले. बापानं पेरणीयंत्र सांगून ठेवलेलं. वर्गात गणित मांडलं, ७० टक्क्याला एकरी ३० किलो लागतं तर ६० टक्क्याला किती? ३० गुणिले ७० भागिले ६०, पस्तीस किलो. घरी जाऊन म्हणाली एकरी पाच किलो जास्त टाका नाहीतर विरळ होईल. बाप म्हणाला तू मला शिकवणार का. मग रात्री गुपचूप त्यानंच परत १०० दाणे भिजत घातले, तिच्या आईनं सांगितलं नंतर. पस्तीसनंच पेरलं.

याला जमीन लागली नाही, पाणी लागलं नाही, बजेट लागलं नाही. एक गोणपाट.

शून्य_मिमी | सोमवार, दुपारी २.००

घाटेअळी, जबरदस्त. याला जोड देतो, नाव बघून ओळखलं असेलच. पर्जन्यमापक लावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एवढं एक कळलं की पुढचं सगळं उलगडतं. गुंठ्यावर मिलीमीटरला १०१ लिटर, एकरावर ४,०४७. शाळेचं पत्र्याचं छप्पर २०० चौरस मीटर धरा, वर्षाला ६०० मिमी पाऊस धरा, झाले १ लाख २० हजार लिटर. गळती-बाष्पीभवन जाऊन ८० टक्के हाती लागलं तरी ९६ हजार. मास्तरांचे शेवगे मेमध्ये वाळले ना? हे पाणी साठवलं असतं तर वाळले नसते.

खताचं पण तसंच. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. दहावीच्या पोराला शेकडेवारी येते पण गोणीवरचे आकडे वाचता येत नाहीत. गणिताच्या सरांना यात ओढा, दुकान आहे ना त्यांचं.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, संध्याकाळी ६.४०

एक गोष्ट कोणीच लिहून नाही राहिलं म्हणून लिहितो. फवारणी. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. शेतकरी, शेतमजूर. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला.

शाळेत पोरांच्या हाती पंप देऊ नका, कितीही जैविक म्हटलं तरी देऊ नका. पण डब्यावरचा चौकोन वाचायला शिकवा. त्यातल्या त्रिकोणाचा रंग लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य. अन् हिरवा म्हणजे प्यायचा नव्हे. वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नये, दोन औषधं मनानं मिसळू नये, रिकामा डबा पाणी भरायला वापरू नये. बाप नाही ऐकत कृषी खात्याचं, पण पोरगी म्हणली बाबा लाल त्रिकोण आहे, तर थांबते ना भाऊ. मी थांबलो होतो.

शेपू_प्रेमी | सोमवार, रात्री ८.००

गंभीर चर्चेत अवांतर. पोषण आहाराच्या परसबागेत सगळे मेथी-पालक लावतात. शेपू का नाही? कमी पाण्यात येतो, कीड कमी, खिचडीत घातला की स्वर्ग.

चहा_बिस्किट | सोमवार, रात्री ८.०४

कारण पटसंख्या टिकवायची असते.

खुरपं | सोमवार, रात्री ८.१०

शेपूची खिचडी ज्या दिवशी, त्या दिवशी पोरांची हजेरी आणि शेळीची हजेरी उलट प्रमाणात.

शेपू_प्रेमी | सोमवार, रात्री ८.१२

तुम्ही लोक जगण्याच्या लायकीचे नाही. मुगाची डाळ घालून करून बघा एकदा.

माजी_कृषीकन्या | सोमवार, रात्री १०.२०

आयडी बघून हसा खुशाल. 'कृषीकन्यांनी दिली बीजप्रक्रियेची माहिती' या बातमीत डावीकडून तिसरी मीच.

बीएस्सी अॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो, आम्ही त्याला रावे म्हणतो. पोरापोरींना गावात पाठवतात. प्रत्यक्षात काय होतं, शेतकरी कामात, आम्ही नवीन, मग पाच जणांना गोळा करून बॅनर धरून फोटो, अहवाल, बास. आम्ही ज्यांना बीजप्रक्रिया शिकवायला गेलो त्या काकूंनी आम्हालाच विळा कसा धरायचा ते शिकवलं. पण एकदा गावातल्या शाळेत माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवलं, तर मुलं हटेनात. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, खताच्या ढिगाजवळची नको, मग सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. मुलांना तो खेळच वाटला.

तर मास्तर, जवळच्या कृषी महाविद्यालयाला पत्र द्या, रावेचा एक गट तुमच्या शाळेला जोडून घ्या. त्यांना गाव हवंच असतं, तुम्हाला माणसं हवीत. आणि हो, मुलींना खुरपणीचा तास ठेवू नका, ते त्या घरी रोज करतात. मुलींना मोटारीचं स्टार्टर जोडायला, ठिबकचा फिल्टर साफ करायला शिकवा, आणि खुरपं द्या मुलांच्या हातात. काय गोंधळ होतो ते इथं येऊन लिहा.

खुरपं | सोमवार, रात्री १०.२५

माझं नाव घेतल्याबद्दल आभार.

जुनी_वही | मंगळवार, सकाळी ९.००

सगळे नवीन नवीन म्हणताहेत म्हणून. १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली गेली, हातानं काम करत करत शिकायचं, शेती-सूतकताई हे माध्यम. भाऊरावांच्या रयतमधली 'कमवा आणि शिका' तर आपल्या कित्येकांच्या घरात आहे, माझे वडील त्यातलेच. दोन्हीकडं मास्तर स्वतः राबत होता, ते आपण विसरतो. पोरं खड्डे खणताहेत आणि मास्तर छत्री घेऊन उभा, हे तिथं नव्हतं.

निवृत्त_पोस्टमन | मंगळवार, सकाळी ९.४०

जुनी_वही, भाऊरावांबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही, वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली त्यांनी. पण त्यांनी कमवा म्हटलं ते शिकता यावं म्हणून. शिकून पोरं मामलेदार झाली, प्रोफेसर झाली. आता शेती विषय काढताना आतून असं तर नाही ना, की गावच्या पोरांना एवढंच पुरे, बाकीचं शहरातले बघतील? हा प्रश्न मी विचारत राहणार.

कोयता_पाटी | मंगळवार, दुपारी ३.३०

मी पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे. मी पण सातवीपर्यंत गेले, मग आजीजवळ राहिले म्हणून शिकले, आता अंगणवाडीत आहे.

वरचं सगळं वाचलं. खुरपं यांनी लिहिलं रब्बीचं पीक घ्या, सगळ्यांना पटलं. मास्तर, तुमचं गाव कोरडवाहू आहे, नगर जिल्ह्यातलं आहे, म्हणजे तुमच्या नववीच्या वर्गातून दसरा-दिवाळीनंतर किती पोरं कारखान्यावर जातात ते हजेरीत बघा. ती येणार मार्च-एप्रिलला. तुमचा हरभरा पेरताना ती नाहीत आणि काढताना पण नाहीत. परत तेच, जमीन नसलेली पोरं विषयाच्या बाहेर.

खुरपं | मंगळवार, दुपारी ४.१०

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक झाली. कॅलेंडर मास्तरांचं बघितलं, पोरांचं नाही.

कोयता_पाटी | मंगळवार, दुपारी ४.४०

चूक कसली, कुणाच्याच डोक्यात येत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की जून ते सप्टेंबर ही पोरं वर्गात असतात तेव्हा खरं शिकवून घ्या. दाणे भिजवणं, पाऊस मोजणं, माती. आणि त्यांना एक गणित नक्की शिकवा, उचलीचं, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशाचं. मुकादमाकडून कोयत्याला (तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला) उचल किती घेतली, टनाला दर काय, रोज किती टन तोड झाली, कमिशन किती कापलं, हंगाम संपल्यावर फिटली की अंगावर राहिली. माझ्या आईनं आयुष्यभर ऊस तोडला, तिला वजनाची पावती वाचता आली नाही. हे शेतीचं शिक्षण नाही तर काय आहे?

घाटेअळी | मंगळवार, संध्याकाळी ५.१५

ताई, हे मी उद्याच्या उद्या वर्गात घेणार. आमच्याकडूनही पोरं जातात आणि मी आजवर त्यांना फक्त गैरहजर लिहीत आलो.

करारावरचा_गुरुजी | मंगळवार, संध्याकाळी ५.४०

सोलॅनेसियसमध्ये ऊस बसत नाही पण बसवतो.

बांधावरचा_मास्तर | बुधवार, रात्री ९.१०

हजेरी बघितली. नववीत ३८ पोरं, त्यातली ११ नोव्हेंबर ते मार्च नसतात. मी या शाळेत नऊ वर्षं आहे.

आज संस्थेच्या बैठकीत गेलो होतो, काय ठरलं ते लिहितो, तुमच्यामुळेच ठरलं म्हणून. खंड बंद करायचा नाही. दीड एकर जाऊ दे पूर्वीसारखी, पण त्या पैशातला ठरलेला वाटा या विषयाला. शाळेकडं फक्त दोन गुंठे. जुलै ते सप्टेंबर गोणपाट, पर्जन्यमापक (प्लास्टिकचा, तो मी आजच मागवला), माती नमुने आणि हिशोब, सगळी पोरं असताना. हिशोबात डेअरीची चिठ्ठी आणि उचल दोन्ही, गणिताचे सर तयार झालेत, स्वतःहून म्हणाले दुकानाच्या उधारीची वही पण आणतो. नोव्हेंबरनंतर मेथी-हरभरा. जी पोरं जाणार त्यांनी जाण्याआधी वाफे तयार करायचे, त्यांच्या नावाची कामाची नोंद ठेवायची आणि परत आल्यावर वाटा द्यायचा, हे मी बैठकीत मांडलं तर जरा वाद झाला. जे नव्हतेच त्यांना वाटा कशाला, वगैरे. शेवटी अर्धा वाटा मंजूर झाला. पुढच्या वर्षी पूर्ण मागेन.

जे पिकेल ते खिचडीला द्यायचं पण बाजारभावानं नोंद करून. स्टाफरूमला काही हवं असेल तर पैसे टाकून.

मे महिन्याचं अजून सुटलेलं नाही. शिपाई मामा म्हणतात मी पाणी देईन पण मोटारीची केबल दर उन्हाळ्यात चोरीला जाते, त्याचं काय ते सांगा.

खुरपं | बुधवार, रात्री ९.३०

केबल दोन फूट खोल पाइपातनं गाडा, आणि मेमध्ये स्टार्टर काढून ऑफिसात ठेवा. मे महिन्यात पीक ठेवूच नका, नांगरून उन्हात तापू द्या. राहिलेल्या दोन शेवग्यांना शून्य_मिमींचं छपराचं पाणी.

सातबारा_कोरा | बुधवार, रात्री १०.००

चिठ्ठीचा तास कधी आहे? पालक बसले तर चालेल का मागच्या बाकावर.

बांधावरचा_मास्तर | बुधवार, रात्री १०.०५

या की. पण मागच्या बाकावर जागा नाही, पुढं बसावं लागेल.

निवृत्त_पोस्टमन | बुधवार, रात्री १०.२०

हिशोबाचा फळा कुठं लावणार? ऑफिसच्या आत की बाहेर?

बांधावरचा_मास्तर | बुधवार, रात्री १०.२५

बाहेर, नळाजवळ. सगळी तिथंच उभी असतात.

चहा_बिस्किट | बुधवार, रात्री १०.३०

मास्तर, फोटो टाका. अर्र, विसरलोच. नका टाकू.